खडूच्या रेषेतले पाय

१

वेताची खुर्ची बसून बसून सैल पडली, मधे झोळ आला, म्हणून ती टाकायची नसते. उलटी करायची, खालच्या अंगाने ओलं फडकं फिरवून वेत भिजवायचा आणि वाऱ्यावर ठेवून द्यायची. वाळता वाळता वेत आक्रसतो. दुसऱ्या दिवशी बोट आपटलं तर रिकाम्या डब्यासारखा वाजतो. मी जन्मभर हेच केलं. लोकांच्या खुर्च्या विणल्या, लोकांच्या बसण्याने पडलेले झोळ काढले. शाळेत गेलो नाही, त्यामुळे दुसरं फारसं काही येत नाही. पण वजन उतरलं की वेत सावरतो आणि उतरलं नाही तर सावरत नाही, एवढं हातांना कळतं.

ज्या खुर्चीचं सांगतोय ती मी आमच्या मागच्या खोलीसाठी विणली. ती खोली आधी माझी कामाची. तिथे वेताच्या मोळ्या, मोडक्या खुर्च्या, भिजवायची टाकी. मग आमच्या मुलीने ती मागितली. मुलगी चित्रकार. तिला चांगलं नाव आहे, पण लहानपणी लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून कागद रंगवायची म्हणून तिला ठकी म्हणायला लागलो, ते आजतागायत ठकीच. भाड्याच्या खोलीत चित्रं काढायची. तिथे ऊन फिरायचं. म्हणायची, बाबा, मी नाकाची सावली रंगवेपर्यंत सावली दुसऱ्या गालावर जाऊन बसलेली असते. तिला उत्तरेचा उजेड हवा होता. उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो हलत नाही. आमच्या घरात तशी खिडकी एकच, मागच्या खोलीची.

मी खोली मोकळी करायला घेतली तेव्हा ही, म्हणजे माझी बायको, दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून मला या खोलीत पाय ठेवायला जागा मिळाली नाही, आणि लेकीने तोंड उघडलं तर टाकीसुद्धा बाहेर. मी म्हटलं, तू कधी मागितलीस? तर म्हणे, मागायला आत यावं लागतं, आणि आत यायला जागा लागते.

भिंती पिवळ्या होत्या. ठकी म्हणाली, पिवळा रंग माणसाच्या तोंडावर पडतो, सगळी कावीळ झाल्यासारखी दिसतात. मग राखाडी दिला. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जाड पडदा लावला, म्हणजे उजेड वरून पडेल. एका मोडक्या पलंगाच्या पायांतून चित्र उभं करायचा घोडा केला. ती त्याला ईझल म्हणते. रंगांच्या नळ्यांना फळी, ब्रश उभे ठेवायला काचेच्या बरण्या, दारामागे तिच्या डगल्यासाठी खिळा. जमीन काळ्या सिमेंटची होती ती तशीच ठेवली. कोपऱ्यात माझं बुटकं स्टूल तिनेच ठेवायला लावलं. तुम्ही इथेच विणत बसा, बाबा, तुमच्या विणण्याचा आवाज मला चालतो, म्हणाली.

आणि घोड्यासमोर, वरून उजेड पडेल अशा जागी, ती नवी खुर्ची. ठकीने ती पाहिली, हाताने दाबली आणि म्हणाली, आई, बस गं जरा. आधी तुलाच काढते.

२

चित्रासाठी बसणं हे काम आहे, हे मला तेव्हा कळलं. मान एकदा ठेवली की ठेवली. नजर खिडकीच्या वरच्या काचेकडे म्हटलं की तिकडेच. ही तर अशी, की देवळातसुद्धा दोन मिनिटं गप्प बसायची नाही. मला वाटलं, घटकाभरात उठेल. पण लेकीचं काम म्हटल्यावर बाई पुतळ्यासारखी बसली.

पण माणूस आहे, मधे उठावं लागतं. उठल्यावर परत तसंच बसायचं कसं? त्याची त्या लोकांची एक रीत आहे. ठकी खडू घेऊन खाली बसली. खुर्चीच्या चारी पायांभोवती खुणा केल्या आणि मग आईच्या दोन्ही पावलांभोवती रेषा ओढली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. हिला गुदगुल्या झाल्या. हिने पाय आखडून घेतले तर ठकीने पोटरीवर चापट मारली. उठून परत आलीस की याच रेषेत पाय ठेवायचे, म्हणाली, पाय जागेवर आले की बाकीचं अंग आपोआप जागेवर येतं.

उठायच्याही दोन तऱ्हा. ठकीने ब्रशच्या दांड्याने बरणीच्या काठावर टक टक केलं की विसावा. मग ही उठायची, खुर्ची करकरायची, ही स्वयंपाकघरात जाऊन भांडंभर पाणी प्यायची, भांडं ओट्यावर पालथं घालायची आणि परत येऊन रेषेत पाय ठेवायची. आणि दिवसाचं काम संपलं, की ठकी चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. चित्राने पाठ फिरवली म्हणजे सुटका. टक टक झाली नाही किंवा चित्र फिरलं नाही, तोवर ही हलायची नाही. एकदा नाकावर माशी बसली. मी उठून हाकलायला गेलो तर डोळ्यांनीच दटावलं. समोरून जाऊ नका, चित्र बिघडेल. संध्याकाळी मला म्हणाली, आमच्या बाईसाहेबांनी टक केल्याशिवाय नाक पुसायचीसुद्धा सोय नाही, तुमच्या राज्यात एवढी शिस्त नव्हती.

मधून जायचं नाही, हीसुद्धा रीतच. चित्र काढणारा आणि बसणारा यांच्यामधून कुणी जात नाही. जायचंच झालं तर खुर्चीच्या मागून.

तिच्या पायांचं मात्र दुखणं होतं. जास्त वेळ लोंबते राहिले की सुजायचे. सकाळी रेषेत नीट बसलेली पावलं दुपारपर्यंत रेषेच्या बाहेर फुगायची, खडू पुसला जायचा. ठकी ओरडायची, आई, सांगत का नाहीस? ही म्हणायची, सांगायला तोंड हलवावं लागतं. आणि म्हणायची, पाय सगळ्यात शेवटी काढ. एखाद्या दिवशी बरे असतील तेव्हा काढ. असे भाकरीसारखे फुगलेले पाय जगाला कशाला दाखवायचे?

म्हणून पाय राहिले. तोंड झालं, मान झाली, खांद्यावरची शाल झाली. हात अर्धे झाले होते. पावलांच्या जागी नुसतं कोरं कापड.

३

त्या दुपारी चौकटवाला आला. ठकीच्या चित्रांना लाकडी चौकटी तोच करतो. भला माणूस आहे, पण बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. ठकी ब्रश तसाच हातात घेऊन पुढच्या दारी गेली. मी आत माझ्या स्टुलावर बसून एका पाळण्याचा वेत विणत होतो. ही समोर बसलेली, नजर वरच्या काचेकडे.

ठकी परत आली आणि लागलीच कामाला लागली. त्या दिवशी तिचा हात असा चालला की मी विणायचं थांबवून बघत राहिलो. सपासप. हिचे दोन्ही हात, मांडीवर एकावर एक ठेवलेले, त्यांच्या शिरा, ती पातळ झालेली अंगठी, सगळं त्या एका बैठकीत झालं. मधे ती म्हणाली, "आई, आज किती छान स्थिर बसलीयस गं. अशीच राहा."

ही नुसती बसून होती.

उजेड हलत नाही, म्हणून त्या खोलीत वेळ कळत नाही. चहा करावा म्हणून मी उठलो, रीतीप्रमाणे खुर्चीच्या मागून गेलो, आणि जाताना शाल जरा घसरली होती ती सारखी केली. मान गार लागली.

मी ठकीला लगेच हाक मारू शकलो नाही. ती एवढी रंगात आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. ब्रश हातातून पडला. ती टक टक करायचं विसरली. तेव्हा कुणाला सुचणार होतं?

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्यासारख्या गेल्या, त्रास झाला नसेल. केव्हा गेल्या, असं ठकीने विचारलं. ते म्हणाले, बराच वेळ झाला असावा. सगळं उरकल्यावर तिने सामान बांधलं आणि परत त्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली. मागच्या खोलीचं दार तिने उघडलं नाही. तिचा डगलाही खिळ्यालाच राहिला. चित्र घोड्यावर होतं तसंच, खुर्चीकडे तोंड करून.

४

घरात एकटा माणूस राहिला की तो झाडतो फार. मीही रोज घर झाडत होतो. शेवटी त्या खोलीचंही दार उघडलं. टर्पेंटाईनचा वास दबून बसला होता. ब्रश कडक झाले होते, रंगांवर साय धरली होती. शाल माझ्याकडे होती, त्यामुळे खुर्ची उघडी दिसली, आणि वेतात झोळ.

बसलेल्या खुर्चीला झोळ असतोच, त्याचं काही नाही. मी ती उलटी केली, भिजवली, अंगणात ठेवली. सकाळी बोट आपटलं, चांगली वाजली. आत आणून चारी पाय खडूच्या खुणांवर ठेवले. दुसरीकडे ठेवायला हात होईना.

दुपारी परत गेलो तर झोळ.

वेताला ओल लागली की तो सुटतो. मागची खोली, उत्तरेची भिंत, ऊन नाही. ओल असणार. मी भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी होती. मग म्हटलं, मांजर येऊन बसत असेल. पण मांजराचा झोळ मधे पडतो, परातीसारखा. हा तसा नव्हता. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. ही उजव्या अंगावर रेलून बसायची. डाव्या कमरेत उसण भरल्यापासून.

परत भिजवली, परत वाळवली. परत तेच. वय झालं, हातात ओढ राहिली नाही, असं मनाला सांगितलं. मग कोपऱ्यातली दुसरी जुनी खुर्ची तशीच भिजवून पाहिली. ती आजही ताठ आहे.

मी काय केलं असेल? माझं स्टूल घेतलं आणि कोपऱ्यात विणायला बसलो. भीती वाटली का, तर वाटली. हातांना घाम आला, वेत निसटायला लागला. पण उठून जावंसं वाटेना. खोली रिकामी असली की विणण्याचा आवाज भिंतीवर जाऊन परत येतो. त्या दिवशी तो परत आला नाही. खोलीत कुणी बसलेलं असतं तेव्हा जसा मुरतो, तसा मुरत होता. मधेच खुर्चीचा वेत जरासा करकरला. माणूस अंग या बाजूचं त्या बाजूला करतो, तेवढाच.

मी मान वर केली नाही. मधून काही बोलायचंही नसतं.

५

मग मी रोज दुपारी तिथेच बसायला लागलो. खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नव्हते. जेवण झालं की पाळण्याचा, टोपलीचा वेत घ्यायचा आणि आत जायचं. मी तिच्याशी बोललो नाही. हाच तर संसार झाला होता आमचा, ती तिच्या कामात, मी माझ्या. फक्त तिची बडबड नव्हती.

मनाला सारखं समजावत होतो, की म्हाताऱ्या, हे तुझं तुलाच वाटतंय. मन चिंती ते वैरी न चिंती. आणि मला जवळजवळ पटलंही असतं. पण चौकटवाला आला.

चित्राचं माप घ्यायचं राहिलं होतं म्हणून आला. ही गेल्याचं त्याला माहीत होतं, दारात माझा हात धरून उभा राहिला होता. आत आल्यावर त्याचं सुरू झालं. लाकूड हल्ली कसं ओलं मिळतं, कारागीर कसे पळून जातात. बोलता बोलता त्याने फीत काढली, चित्राची उंची घेतली, रुंदी घेतली. मग पेन्सिल खिडकीत ठेवली होती ती आणायला निघाला. सरळ गेला असता तर चार पावलांवर खिडकी. तो खुर्चीच्या मागून वळसा घालून गेला. जाताना जरा वाकला, आपण कुणाच्या तरी डोक्यामागून जाताना वाकतो तसा. परत येतानाही तसाच आला. बोलणं चालूच होतं. त्याला स्वतःला कळलंही नाही.

दारात जाताना एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "काका, काकूंना त्रास नको, मी निघतो." मग स्वतःच थांबला. तोंडावरून हात फिरवला. चपला घालून गेला, मागे वळून पाहिलं नाही.

मी परत आत आलो तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिलं. इतके दिवस झोळ बघत होतो, पायांकडे लक्ष गेलं नव्हतं. पावलांच्या त्या दोन रेषा. झाडताना मी त्यांच्या कडेकडेने झाडत असे, त्यामुळे त्या राहिल्या होत्या. पण रेषेची बाहेरची कड पुसट झाली होती. आतून बाहेर पुसल्यासारखी. खडूची भुकटी चोहोबाजूंनी बोटभर बाहेर ढकललेली.

पुढच्या दिवशी आणखी थोडी. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी. अंगठ्याजवळ तर रेष उरलीच नाही.

मी कोपऱ्यात बसून म्हणत होतो, बरं आहे, सोबत आहे. आणि तिचे पाय सुजत होते. कुणी उठ म्हटलं नव्हतं तिला. टक टक झाली नव्हती, चित्र फिरलं नव्हतं. ती अजून बसून होती, लेकीने सांगितलं तशी. अशीच राहा.

६

आधी मी स्वतः करून पाहिलं. म्हटलं, ऊठ गं आता, पुरे झालं. मग ठकीचा कडक झालेला ब्रश घेतला आणि बरणीच्या काठावर टक टक केलं. वेत हलला नाही. चित्र उचलून भिंतीकडे फिरवलं, आणि दुपारभर बघत राहिलो. झोळ तसाच. चित्र परत घोड्यावर ठेवलं. माझ्या सांगण्यावरून ती कधी उठली होती? काम लेकीचं, हुकूम लेकीचा.

ठकीला फोन केला. म्हटलं, एकदा ये. ती म्हणाली, बरणीत ब्रश वाळले असतील ते टाकून द्या, चित्रही कुणाला तरी द्या, मला काही नको. मी म्हटलं, टाकायला तरी ये.

मग म्हणाली, "बाबा, ती गेल्यावर मी तिला रंगवत होते. तिला म्हटलं, छान बसलीयस. ते हात मी इतके चांगले कधीच काढले नव्हते. मला त्या खोलीत नका बोलावू."

तिला काय सांगणार? मुलगी शिकलेली, बाप म्हातारा आणि एकटा. उद्या डॉक्टरकडे घेऊन जाईल. मी नुसतं एवढंच म्हटलं, "ठके, आईचे पाय दुखतायत."

फोन ठेवला तिने.

दुसऱ्या दिवशी जेवणं व्हायच्या आत ती दारात उभी होती.

७

ती आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. मी काही सांगितलं नाही. तिने खुर्चीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. खडूच्या रेषा तिनेच ओढलेल्या, त्या कशा होत्या ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रंग उतरला तिचा. भिंत धरून ती खुर्चीच्या मागून घोड्याकडे गेली. डगला काढून अंगात घातला. बरणीत टर्पेंटाईन ओतलं, एक ब्रश त्यात बुडवून बोटांनी मऊ केला.

मग ब्रश उलटा धरून बरणीच्या काठावर वाजवला. टक टक.

वेत करकरला. मी जन्मभर खुर्च्या विणल्या आहेत. माणूस बसतो तेव्हाचा आवाज वेगळा आणि उठतो तेव्हाचा वेगळा. हा उठण्याचा होता. आधी पुढची कड कुरकुरली, हात टेकून उठताना दबते तशी, मग मधला सगळा वेत सुस्कारा टाकल्यासारखा वर आला. ठकीने तोंडावर हात दाबून धरला होता.

खोलीत काही नव्हतं. नुसता उजेड. मग स्वयंपाकघरात नळ सुटला, बंद झाला. थोड्या वेळाने ओट्यावर भांडं पालथं घातल्याचा आवाज आला.

ठकी कुजबुजली, "बाबा, गेली?"

मी मान हलवली. नाही. खुर्ची पुन्हा करकरली, या वेळी बसण्याची. झोळ पडला, उजवीकडे जास्त.

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिला कळलं. तिने नुसता विसावा दिला होता. विसाव्यानंतर परत यायचं असतं. सुटका हवी तर चित्र फिरवायला हवं, आणि दिवसाचं ठरलेलं काम हातावेगळं केल्याशिवाय ठकी ते कधी फिरवायची नाही. हात झाले होते, आता एकच काम राहिलं होतं. पाय.

"तिने सांगितलं होतं, बरे असतील तेव्हा काढ," ती म्हणाली. रडत होती, पण फळीवरच्या नळ्या शोधत होती.

मी म्हटलं, "आता आहेत तसे काढ. बरे व्हायची वाट बघत बसलो तर ती उठायची नाही."

ठकीने रंग काढले. मी माझ्या स्टुलावर बसलो, पण विणायला हात उचलेना. मी खुर्चीकडे बघत नव्हतो. ठकीकडे बघत होतो. तिची नजर खाली जायची, जमिनीपासून वीतभर वर, तिथे ठरायची, मग कापडावर यायची, परत खाली. कुणी रिकाम्या जागेकडे असं बघत नाही. एकदा तिने मान तिरकी केली, आईच्या बोलण्याकडे कान देताना करायची तशी, आणि रडता रडता हसली. काय ऐकलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मला जे काही दिसलं ते चित्रात दिसलं. ठकी बाजूला झाली तेव्हा. हिने सांगितलेले, जगाला न दाखवायचे पाय. घोटा दिसत नव्हता इतके सुजलेले. कातडी ताणून चकचकीत झालेली, बोटं एकमेकांवर चढलेली, नखांकडचा रंग जांभळा. इतके वाईट मी तिच्या हयातीत कधी पाहिले नव्हते. ठकीने ते मनाने काढले असते तर असे काढले नसते. कुठल्याही लेकीने काढले नसते.

मी खाली मान घातली.

८

"बाबा, झालं," ती म्हणाली. "फिरवू?"

होय म्हणायला हवं होतं. त्यासाठीच तिला बोलावलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "आधी एकदा टक कर. पाणी पिऊन घेऊ दे तिला."

ठकीने ब्रश उलटा धरला. टक टक. वेत वर आला. नळ सुटला. स्वयंपाकघर दहा पावलांवरसुद्धा नाही, उठून गेलो असतो तर काय दिसलं असतं कुणास ठाऊक. मी गेलो नाही. विसाव्यात कुणी मागे मागे केलेलं तिला आवडायचं नाही. म्हणायची, मला एवढीच घटका माझी असते. मी बसून नुसतं ऐकलं. पाणी भांड्यात पडतं तेव्हा आधी हलका आवाज येतो, मग भरत आलं की जाड होतो. मी तो आवाज आयुष्यभर ऐकला असेन, पण असं कान देऊन कधी ऐकला नव्हता. भांडं पालथं पडलं. खुर्ची करकरली.

"फिरव," मी म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

चित्राची लाकडी कड घोड्यावरून सुटली, भिंतीला टेकली. मग वेत उठण्याचा आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. ना नळ, ना भांडं. मी डोळे मिटूनच होतो. खोलीत विणण्याचा आवाज मुरायचा तशी ती शांतता अगदी माझ्या जवळ आली, गुडघ्यांना लागेल इतकी, आणि थांबली. जरा वेळ थांबली. वर बघावंसं फार वाटलं. पण बैठक संपल्यावर ती लगेच माझ्याकडे वळायची नाही, आधी स्वतःचे पाय दाबत बसायची, मग बोलायची. मला वाटलं, दमली असेल.

डोळे उघडले तेव्हा ठकी जमिनीकडे बघत होती. काळ्या सिमेंटवर खडूच्या भुकटीची पावलं उमटली होती. फुगलेली, रुंद, अनवाणी. खुर्चीपासून निघाली होती. दाराकडे नव्हती गेली. आधी माझ्या स्टुलाकडे आली होती. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी उभी होती, बोटं माझ्याकडे करून. मग तिथून दाराकडे, एकेक फिकट होत. उंबऱ्याजवळ नुसती टाच.

माझ्या गुडघ्यांपाशी उभी होती ती. आणि मी डोळे मिटून.

फळीवर खडू होता. मी तो कधी उचलला, मलाच कळलं नाही. खाली बसलो, गुडघे वाजले, आणि त्या माझ्याकडे तोंड केलेल्या पावलांपैकी एकाच्या टाचेला खडू लावला. अर्धी टाच ओढून झाली होती.

"बाबा, नको," ठकी म्हणाली. तिचा आवाज घाबरलेला होता. "खूण केली की तिला परत यावं लागेल."

ते मला माहीत नव्हतं का? म्हणूनच तर करत होतो. या जागी, माझ्या पुढ्यात, रोज दुपारी. नुसत्या दोन रेषा ओढायचा अवकाश होता.

पण ते पाय किती सुजले होते ते मी चित्रात पाहिलं होतं.

मी ठकीकडे ओलं फडकं मागितलं. ती पुसते म्हणाली, तिला पुसू दिलं नाही. आधी माझी रेष पुसली. मग दाराकडून सुरुवात करून एकेक पाऊल, आणि शेवटी ती दोन, माझ्या समोरची. सावकाश पुसली. सुजलेल्या पायांना हात लावताना लावायचा तसाच हात लावला, दाबून नाही.

खुर्चीवर आता बोट आपटलं तर डब्यासारखी वाजते. ठकी परत राहायला आली आहे, त्याच खोलीत काम करते. माणसांना बसवते, खडूने पाय आखते, आणि संध्याकाळी चित्र फिरवल्यावर जमीन स्वतः पुसून घेते. सगळे उठून गेले तरी मी कोपऱ्यात विणत असतो.

विणण्याचा आवाज भिंतीवर जाऊन परत येतो.